फाइल पाठवली म्हणजे शेअर झाली असं नाही

तुमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जा आणि ‘फायनल’ हा शब्द शोधा. किती फाइल्स निघतात ते मोजा. माझ्या एमएस्सीच्या ग्रुपवर मी हे एकदा केलं होतं. एकाच प्रयोगाच्या अकरा फाइल्स निघाल्या. त्यातल्या चारांच्या नावात ‘फायनल’ होतं, आणि एकीचं नाव तर ‘फायनल_सरांनी बघितलेली_२’ असं होतं. आधी हसू आलं. मग लक्षात आलं की यातली खरी कुठली हे आम्हा तिघांपैकी कुणालाच खात्रीनं सांगता येत नाहीये. मग हसू गेलं.

तुम्ही पेटची तयारी करताय, नाहीतर नुकतंच रजिस्ट्रेशन झालंय. संशोधन पद्धतीच्या पेपरात नमुना निवड, गृहीतक, चाचण्या हे सगळं असतं. पण तीन माणसांनी मिळून एक फाइल कशी सांभाळायची, हे त्यात बहुधा नसतं. ते आपोआप जमेल असं सगळे धरून चालतात. तसं ते जमत नाही. म्हणून आज आपण रोज वापरतो त्या तीन पद्धतींवर थोडी टीका करायची आहे. कुठल्याही एका सॉफ्टवेअरची जाहिरात करायची नाहीये. प्रत्येक पद्धत काय सांभाळते आणि काय हरवते, एवढंच बघायचं.

प्लॉट ११ आणि प्लॉट १४

आधी काय झालं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. रब्बी ज्वारीचा प्रयोग होता. आठ ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन, म्हणजे चोवीस प्लॉट, साधी आरबीडी. कापणीनंतर पोत्यांना चिठ्ठ्या बांधल्या, वजनं केली, फिल्डबुकात लिहिली, मग एक्सेलमध्ये भरली. दोन दिवसांनी कापणीला आलेल्या मावशी म्हणाल्या, "दादा, त्या दोन पोत्यांच्या चिठ्ठ्या सुटल्या होत्या, आम्ही परत बांधल्या, बघून घ्या एकदा." बघितलं तर खरंच ११ ची चिठ्ठी १४ ला आणि १४ ची ११ ला गेली होती. मी माझ्या लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये दोन्ही आकडे दुरुस्त केले आणि फाइल ग्रुपवर टाकली.

त्याच संध्याकाळी माझ्या जोडीदारानं हजार दाण्यांच्या वजनाचा रकाना भरला. तो भरला आदल्या दिवशीच्या फाइलमध्ये. त्यानं ती माझ्यानंतर तासाभरानं पाठवली. नंतर आलेली ती नवी, असं सगळ्यांनी धरलं. ॲनोव्हा त्याच फाइलवर झाला.

दोन महिन्यांनी प्रकरण लिहिताना मी फिल्डबुक आणि तक्ता समोरासमोर ठेवला तेव्हा हे उघडकीस आलं. दोन ट्रीटमेंटच्या सरासऱ्या बदलल्या. जिला आम्ही सगळ्यात चांगल्या ट्रीटमेंटच्या ‘ॲट पार’ लिहिलं होतं, ती तशी राहिली नाही. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. यात कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी आळसही केला नव्हता. दोघांनीही आपापलं काम नीट केलं होतं. आणि तोवर ज्वारी विकली गेली होती. शेतातला प्रयोग परत मोजता येत नाही, त्यासाठी पुढचा हंगाम लागतो. फिल्डबुक जपून ठेवलेलं नसतं तर चूक कायमचीच आमच्या प्रबंधात राहिली असती.

पहिली पद्धत: पाठवा आणि विसरा

ही आपली सगळ्यात लाडकी पद्धत. मेल करा, व्हॉट्सॲपवर टाका, नाहीतर पेन ड्राइव्हवर द्या. तिचा दोष लोक फाइलच्या नावात शोधतात. "नाव नीट द्या, तारीख टाका, सगळं सुटेल." तारीख टाकावीच. पण तिनं सुटतो तो अर्धाच प्रश्न.

विचार करा. आवृत्ती एक. तिच्यावरून मी दोन केली, तिच्यावरून जोडीदारानं तीन केली. अशी सरळ रांग असेल तर तारीख पुरते. पण आमच्याकडे रांग नव्हती, फाटा फुटला होता. एकाच फाइलवरून दोघांनी दोन वेगवेगळ्या फाइल्स केल्या होत्या. अशा वेळी ‘नंतरची कुठली’ हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही अपुऱ्या होत्या. एकीत दुरुस्ती होती पण रकाना नव्हता, दुसरीत रकाना होता पण दुरुस्ती नव्हती. खरी फाइल त्या दोघींना जोडून तयार व्हायची होती, आणि ती कुणी केलीच नाही. संगणकशास्त्रात याला हरवलेला बदल म्हणतात: शेवटी सेव्ह करणारा जिंकतो, आधीच्याचं काम पुसलं जातं, आणि कुणालाही तसा इशारा मिळत नाही.

शिवाय पाठवलेल्या फाइलला आई-बाप नसतात. ती कुणावरून तयार झाली हे तिच्यात लिहिलेलं नसतं. फोनवर उतरवली की तिच्यावर दिसणारी तारीखही बहुधा उतरवल्याची असते, बदल केल्याची नसते.

तरीही या पद्धतीची एक बाजू घ्यायला हवी. पाठवणं वाईट नाही. त्यामुळे चुका सापडतातही. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्यावर एक निबंध लिहिला. ज्या देशांचं सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं, त्यांची सरासरी वाढ त्यात उणे ०.१ टक्के निघाली होती. तो आकडा जगभरच्या धोरणांच्या चर्चेत फिरला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यानं लेखकांकडून मूळ एक्सेल फाइल मागवली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी राहून गेल्याचं त्याला दिसलं. काही वर्षांची आकडेवारी वगळणं आणि देशांना दिलेलं वजन, हे त्याचे आणखी दोन आक्षेप होते. तिन्ही धरून त्यानं आणि त्याच्या प्राध्यापकांनी आकडा काढला तो अधिक २.२ टक्के. म्हणजे तुमच्याआमच्यासारख्या एका विद्यार्थ्याला हे दिसलं, कारण लेखकांनी फाइल दिली. फाइल देण्याची सवय सोडू नका. फक्त देणं म्हणजे सांभाळणं नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी पद्धत: सगळे एकाच फाइलमध्ये

"मग गूगल डॉक्सवर टाका ना!" हे उत्तर लगेच येतं. एकच फाइल, सगळे तिच्यातच लिहितात, प्रतींची भानगडच नाही. ही कल्पना जुनी आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत जे प्रात्यक्षिक दाखवलं, त्यात दोन ठिकाणची माणसं एकाच पडद्यावर एकच मजकूर हाताळत होती. हे विश्वासानं चालावं म्हणून लागणारं गणित १९८९ मध्ये एलिस आणि गिब्ज यांनी मांडलं. गूगलनं २००६ मध्ये रायटली नावाचं संपादक विकत घेतलं, त्यातून आजचं डॉक्स आलं.

ते गणित थोडक्यात समजून घ्या, कारण टीका तिथूनच सुरू होते. फाइलमध्ये ‘ज्वारी पेरली’ एवढंच लिहिलंय. तुम्ही सुरुवातीला ‘रब्बी’ आणि एक मोकळी जागा घातली. त्याच क्षणी मी शेवटी पूर्णविराम दिला. माझा बदल संगणकाला कळतो तो ‘अमुक क्रमांकाच्या जागी पूर्णविराम घाल’ असा. पण तुमच्या ‘रब्बी’मुळे सगळ्या जागा पुढे सरकल्या. मग माझा क्रमांकही तेवढाच सरकवायचा, की पूर्णविराम बरोबर शेवटीच पडतो. ‘रब्बी’ डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, पण संगणकासाठी त्या पाच खुणा आहेत, मोकळी जागा धरून सहा. तेवढं सरकवलं की तुमच्या आणि माझ्या पडद्यावर एकच मजकूर येतो.

एकच येतो, हे खरं. बरोबर येतो का? आता आमचंच उदाहरण घ्या. मसुद्यात वाक्य आहे: ‘प्लॉट ११ चं उत्पादन जास्त आहे.’ चिठ्ठ्यांच्या गोंधळामुळे ते चूक आहे. तुम्हाला ते कळलं, तुम्ही ‘११’ चं ‘१४’ केलं. मलाही कळलं, मी ‘जास्त’ चं ‘कमी’ केलं. दोघांची दुरुस्ती आपापल्या जागी बरोबर. दोन्ही एकत्र आल्या की वाक्य होतं: ‘प्लॉट १४ चं उत्पादन कमी आहे.’ पुन्हा चूक! आणि या वेळी दोघांनाही वाटतंय की आपण ते दुरुस्त केलं. एकमेकांचा कर्सर दिसत असेल तर टळेलही. पण एखादा गावाकडे आहे, रेंज गेली, ऑफलाइन लिहिलं आणि रात्री फाइल जुळली, तर कोण बघतंय?

तर पहिली टीका ही: एकत्र लिहिण्याची साधनं अक्षरं जुळवतात, अर्थ जुळवत नाहीत, आणि आपला मतभेद झालाय हे सांगतही नाहीत.

दुसरी टीका: त्यांच्याकडे इतिहास असतो, पण तो घड्याळाचा. दुपारी ३:४० ला कुणी काय बदललं हे दिसतं. का बदललं हे दिसत नाही. सहा महिन्यांनी परीक्षकानं विचारलं की हा आकडा का बदलला, तर ‘३:४०’ हे उत्तर नाही.

तिसरी टीका मालकीची. फाइल ज्याच्या खात्यात आहे त्याची असते. सीनियर पास झाला, संस्थेनं दिलेलं खातं बंद झालं, की फाइल कुठे जाते? टीममध्ये येताना हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

हे सगळं म्हणूनही मी डॉक्स वापरतो. प्रश्नावलीचा मसुदा, बैठकीच्या नोंदी, प्रस्तावाचं पहिलं लेखन, यासाठी त्याच्याइतकं सोपं काही नाही. गाइडला दाखवताना सूचना पद्धत चालू ठेवा, म्हणजे बदल सुचवला जातो, थेट होत नाही. पण मोजमापांचा मूळ तक्ता तिथं उघडा ठेवू नका. एक बोट चुकून पडलं की आकडा बदलतो, आणि आकडा बदलल्याचं वाक्य बदलल्यासारखं खटकत नाही.

कोड लिहिणाऱ्यांच्या संपादकांतही हीच सोय आली. २०१७ मध्ये ॲटममध्ये टेलिटाइप आलं, त्याच सुमारास व्हीएस कोडसाठी लाइव्ह शेअर जाहीर झालं. लाइव्ह शेअरमध्ये फाइल यजमानाच्याच संगणकावर राहते. त्यानं बैठक संपवली की पाहुण्यांच्या हाती काही उरत नाही. शेजारी बसून चूक शोधायला उत्तम, साठवायला नाही. आणि ॲटम तर १५ डिसेंबर २०२२ ला बंदच झालं. त्यात लिहिलेल्या साध्या टेक्स्ट फाइल्स मात्र आजही कुठेही उघडतात. ही गोष्ट लक्षात राहू द्या.

तिसरी पद्धत: इतिहास ठेवणारी फाइल

१८ मे १९७२ ला परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं, ज्याला आज वसंतराव नाईकांचं नाव आहे. त्याच १९७२ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस तयार केलं. फाइलची प्रत्येक आवृत्ती, ती कुणी केली आणि का केली, हे जपणारी ही सुरुवातीची व्यवस्था. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण कृषी संशोधनाला अशी व्यवस्था का लागते हे परभणीत सांगायला लांब जावं लागत नाही. ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी २०१८ मध्ये प्रसारित झाली. विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांचं ते काम. कुठलाही वाण प्रसारित होण्याआधी अनेक हंगामांचे, अनेक ठिकाणचे आकडे एकत्र यावे लागतात. एका ठिकाणच्या तक्त्यातली चूक सगळ्यांच्या सरासरीत उतरते. आणि त्या सरासरीवर विश्वास ठेवून जिंतूरचा नाहीतर पालमचा शेतकरी बियाणं घेतो.

आज ही पद्धत म्हणजे मुख्यतः गिट. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं. त्यातली कामाची गोष्ट एकच: गिट दोन फाइल्स नाही, तीन फाइल्स बघतो. तुमची, माझी, आणि दोघांनी जिथून सुरुवात केली ती मूळ. मूळ समोर असली की कुणी काय बदललं हे कळतं. मी ११ आणि १४ च्या ओळी बदलल्या, जोडीदारानं दुसरीकडे काही वाढवलं, तर दोन्ही घे. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली, तर थांब, फाइलमध्ये खुणा घाल, आणि माणसाला विचार. ‘जास्त’ आणि ‘कमी’च्या उदाहरणात गिटनं आपल्याला थांबवलं असतं, कारण ती एकच ओळ होती.

आता टीका. ‘गिट शिका, सगळं सुटेल’ असं सांगणारे यूट्यूबवर पुष्कळ आहेत. सुटत नाही. गिटलाही अर्थ कळत नाही; त्याला फक्त ओळी कळतात. तुमचं ‘जास्त’ एका पानावर आणि माझं ‘कमी’ दुसऱ्या पानावर असेल, तर तोही गुपचूप दोन्ही घेईल. मराठीत आपण अख्खा परिच्छेद एका ओळीत लिहितो. त्यात एक वेलांटी बदलली तरी गिटला पूर्ण परिच्छेद बदललेला दिसतो. म्हणून दर वाक्याला नवी ओळ सुरू करा. छापताना ती जोडता येते.

एक्सेलची फाइल गिटला वाचताच येत नाही, ती आतून बांधलेलं गाठोडं असते. तक्ता सीएसव्ही म्हणून ठेवावा लागतो. तिथंही आमच्यासारखा तक्ता असेल, एका प्लॉटची एक ओळ, तर जोडीदारानं रकाना वाढवला की चोवीसच्या चोवीस ओळी बदलतात आणि माझ्या दोन दुरुस्त्यांशी भांडण होतं. उपाय सोपा आहे: तक्ता आडवा नको, उभा करा. एका मोजमापाची एक ओळ. प्लॉट, गुणधर्म, आकडा, तारीख. मग हजार दाण्यांचं वजन म्हणजे शेवटी चोवीस नव्या ओळी, आणि माझी दुरुस्ती वरच्या दोन ओळींत. भांडण नाही.

आणि सगळ्यात मोठी अडचण तांत्रिक नाहीच. टीममधला एक जण जरी फाइल मेलवरच पाठवत राहिला, तरी व्यवस्था मोडते. बहुतेक वेळा तो एक जण म्हणजे आपले सर किंवा मॅडम असतात, जे प्रिंटवर लाल पेननं दुरुस्ती करतात. त्यांना गिट शिकवायला जाऊ नका. त्यांची दुरुस्ती फाइलमध्ये नेणारा एक जण ठरवा, आणि नोंदीत लिहा की दुरुस्ती कुणाची, भरली कुणी.

देवनागरीच्या खास अडचणी

इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये हे सापडणार नाही, म्हणून वेगळं सांगतो.

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. सर्वेक्षणाचा तक्ता तिघांनी भरला आणि पिव्होट केलं तर बारा तालुके निघू शकतात. कारण कुणी ‘पूर्णा’ लिहिलं, कुणी ‘पुर्णा’. कुणी ‘सेलू’, कुणी ‘सेलु’. कुणी ‘जिंतूर’, कुणी ‘जिंतुर’. तालुक्याला, गावाला, वाणाला ठरलेला क्रमांक द्या आणि नावांची यादी एकाच फाइलमध्ये ठेवा.

दुसरं, ‘ऱ्या’. हे जोडाक्षर वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या खुणांनी बनवतात. डोळ्यांना एकच दिसतं, संगणकाला वेगळं. मग शोधलं तर ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द अर्ध्या ठिकाणी सापडत नाही, आणि आवृत्त्या ताडून बघताना काहीही न बदललेली ओळ बदललेली दिसते. टीममध्ये सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरा.

तिसरं, जुने फॉन्ट. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडशिवाय काही स्वीकारू नका. सीएसव्ही सेव्ह करतानाही ‘यूटीएफ-८’ असा पर्याय निवडा, नाहीतर एक्सेल मराठी नावं खाऊन टाकतं.

आणि चौथी अडचण भाषेची नाही, पण शेतीवाल्यांना नेमकी लागते. रेप्लिकेशन २, प्लॉट ३ याला ‘२-३’ असं लिहिलंत, तर एक्सेल त्याची तारीख करतं. हसू नका. जनुकांच्या नावांचं हेच झालं. ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशी जनुकं होती, एक्सेलनं त्यांच्या तारखा केल्या. २०१६ मध्ये झालेल्या तपासणीत जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. तेव्हा सॉफ्टवेअर बदललं नाही, शास्त्र बदललं! तुम्ही ‘रे२प्लॉ३’ असं काहीतरी लिहा.

बोलणारा कोण, लिहिणारा कोण

परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे, त्यात कुठल्या संताचे अभंग कुणी लिहून घेतले याची चक्क यादी आहे. ज्ञानेश्वरांचे चिदानंद बाबांनी, निवृत्तीनाथांचे सोपानदेवांनी, चोखोबांचे अनंतभट्टांनी, सावता माळ्यांचे काशिबा गुरवांनी. आणि शेवटी जनीचे पांडुरंगानं. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. मला त्यातली नोंद महत्त्वाची वाटते: बोलणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, आणि दोघांचीही नावं राहिली पाहिजेत. गिटमध्येही प्रत्येक नोंदीला दोन जागा असतात, बदल करणाऱ्याची आणि तो फाइलमध्ये दाखल करणाऱ्याची.

आता आपले तक्ते बघा. त्यात मोजणाऱ्याचं नाव असतं का? चिठ्ठ्या सुटल्याचं मला मावशींनी सांगितलं होतं. माझ्या प्रबंधातली एक अख्खी सारणी त्यांच्या त्या वाक्यावर उभी आहे. आमच्या अकरा फाइल्सपैकी एकीतही त्याचा मागमूस नव्हता. हा निव्वळ आभाराचा प्रश्न नाही. आकडा संशयास्पद निघाला की कुणाला विचारायचं, याचा तो पत्ता आहे. तो पत्ता फाइलमध्ये नसेल तर दोन वर्षांनी विचारायला कुणी उरत नाही.

दुसरं उदाहरण एकनाथांचं. ज्ञानेश्वरी हाताने नकलून पसरत गेली, पाठभेद शिरले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. काम झाल्यावर त्यांनी शक लिहिला, दुरुस्ती का करावी लागली हे लिहिलं, आणि यात आपल्या ओव्या घुसडू नका असंही बजावलं. कुणी, कधी, का: तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत. आपल्या किती फाइल्समध्ये एवढं असतं? पण टीकाकार म्हणून एक उणीव सांगावीच लागते. कुठल्या ओळीत काय होतं आणि काय केलं, ही यादी त्या नोंदीत नाही. म्हणून नंतरच्या अभ्यासकांना जुन्या पोथ्या शोधत फिरावं लागलं. दुरुस्ती कितीही अधिकारी माणसाची असो, खोडलेलं जपलं नाही तर पुढच्याला ती तपासता येत नाही.

मग सोमवारी काय करायचं

गिट येत नसेल तरी एवढं करता येतं. मूळ मोजमापांची फाइल एकदा भरली की तिला हात लावायचा नाही, फक्त वाचायला ठेवायची. दुरुस्त्यांची वेगळी फाइल: प्लॉट, जुना आकडा, नवा आकडा, कारण, कुणी सांगितलं, कुणी नोंदवलं, तारीख. विश्लेषण करताना दोन्ही जोडायच्या. टीममध्ये फाइलचा एक राखणदार ठरवायचा, दर महिन्याला पाळी बदलायची, आणि ग्रुपवर आलेला प्रत्येक बदल तोच मूळ जागी नेईल. ग्रुपवर फाइल नाही, बदल पाठवायचा: ‘प्लॉट ११ आणि १४ ची अदलाबदल, चिठ्ठी सुटली होती.’ एवढी एक ओळ आमच्या ग्रुपवर असती तरी पुढचे दोन महिने वाचले असते. आणि फिल्डबुकाच्या प्रत्येक पानाचा त्याच दिवशी फोटो.

हे जमलं की मग गिट शिका. तेव्हा ते अवघड वाटणार नाही, कारण तो काय सांभाळतोय हे तुम्हाला आधीच कळलेलं असेल.

आम्ही ती सारणी दुरुस्त केली, तेव्हा तिच्याखाली एक छोटी टीप घातली: रेप्लिकेशन दोनमधल्या दोन प्लॉटचे आकडे कापणीच्या वेळच्या अदलाबदलीमुळे दुरुस्त केले आहेत. सरांनी विचारलं, ही टीप हवीच का, परीक्षक प्रश्न विचारतील. विचारू देत म्हटलं, उत्तर आहे आपल्याकडे. व्हायव्हात त्यांनी विचारलंही. मी फिल्डबुकाचं पान उघडून दाखवलं. त्यांनी ते बघितलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.